तुर्की विशेषणांची अतिशयदर्शक द्विरुक्ति

१. प्रश्नाचें स्वरूप

दोन लोकसमूहांचा पूर्वसंबंध सिद्ध करण्यासाठीं शब्दांच्या याद्या पुढें करण्याची चाल जुनी आहे. एका भाषेंतील शंभर शब्द एका रकान्यांत मांडावयाचे, दुसरींतील तत्सदृश शंभर शब्द शेजारच्या रकान्यांत मांडावयाचे, आणि खालीं निर्णय द्यावयाचा कीं, हे लोक मूळचे एकवंशीय होत. जुनीं मराठी पत्रें वाचणाऱ्यांस या पुराव्याची मर्यादा चांगली ठाऊक आहे. शिवपूर्वकालीन पत्रांत फारसी शब्दांची केवढी रेलचेल आहे! परंतु तेवढ्यावरून मराठी ही फारसीची कन्या ठरत नाहीं. शब्द हा प्रवासी आहे. व्यापाऱ्याच्या गोणींतून, शिपायाच्या तोंडून, कारकुनाच्या लेखणींतून तो कोठेंहि जातो.

मग भाषेमध्यें असें काय आहे कीं, ज्याची साक्ष शब्दाच्या साक्षीपेक्षां अधिक भरंवशाची मानावी? शब्द घडविण्याचा नियम, असें या प्रश्नाचें उत्तर सामान्यतः दिलें जातें. हें उत्तर कितपत खरें आहे, आणि त्यालाहि कोणत्या मर्यादा आहेत, हें एका लहानशा परंतु मनोरंजक नियमाच्या आधारें तपासून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे. हा नियम तुर्की भाषेंतील आहे. विशेषणाचा अतिशय दाखवावयाचा असतां तुर्क लोक त्या विशेषणाच्या आद्य अवयवाची द्विरुक्ति करितात, आणि ती करितांना मध्यें एक परका वर्ण घालतात. ज्यांनीं संस्कृत व्याकरणांतील ‘अभ्यास’ घोकला आहे, त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. परंतु ही ओळख कोठवर खरी आहे हेंहि पाहावें लागेल.

२. रूपसिद्धि

प्रथम लेखनाविषयीं दोन शब्द. तुर्कींत आठ स्वर आहेत. त्यांपैकीं तिघांना देवनागरींत स्वतंत्र चिन्ह नाहीं: जीभ मागें ओढून उच्चारलेला इकार, ओठ गोल करून उच्चारलेला इकार, आणि ओठ गोल करून उच्चारलेला एकार. हे आम्ही अनुक्रमें इ, उ, ओ असे लिहितों. ‘झ’ हा ‘झरा’ या शब्दांतील झकाराप्रमाणें व ‘च’ हा ‘चंद्र’ या शब्दांतील चकाराप्रमाणें वाचावा.

आतां रूपें पाहूं. ‘बेयाझ’ म्हणजे पांढरा. ‘बेम्बेयाझ’ म्हणजे पांढराशुभ्र. ‘कारा’ म्हणजे काळा. ‘काप्कारा’ म्हणजे काळाकुट्ट. ‘मावि’ म्हणजे निळा. ‘मास्मावि’ म्हणजे निळाशार. ‘तेमिझ’ म्हणजे स्वच्छ. ‘तेर्तेमिझ’ म्हणजे लख्ख. या चार उदाहरणांत सर्व नियम बीजरूपानें आला आहे. विशेषणाचें आरंभींचें व्यंजन आणि त्यापुढील स्वर एवढाच भाग घ्यावयाचा. त्याच्या शेवटीं प, म, स, र या चारांपैकीं एक वर्ण जोडावयाचा. आणि तो सिद्ध झालेला तुकडा संपूर्ण विशेषणाच्या आधीं ठेवावयाचा. बे + म् + बेयाझ. का + प् + कारा. मा + स् + मावि. ते + र् + तेमिझ. विशेषण स्वरानें आरंभ होत असेल तर केवळ तो स्वरच घेतात: ‘उझुन’ म्हणजे लांब, ‘उपुझुन’ म्हणजे लांबलचक, ‘आचिक’ म्हणजे उघड, ‘आपाचिक’ म्हणजे उघडउघड. बोलतांना आघात या पुढें जोडलेल्या अवयवावर पडतो. लिहितांना सर्व मिळून एकच शब्द लिहितात.

कांहीं थोड्या शब्दांत जोडवर्णानंतर आणखी एक स्वर येतो. ‘यालनिझ’ म्हणजे एकटा. ‘यापायालनिझ’ म्हणजे अगदीं एकटा. ‘गुंदुझ’ म्हणजे दिवस. ‘गुपेगुंदुझ’ म्हणजे भरदिवसा. ‘दुझ’ म्हणजे सपाट, सरळ. याचीं दोन्ही रूपें होतात, आणि त्यांचा अर्थ निराळा झाला आहे: ‘दुम्दुझ’ म्हणजे जराहि उंचसखल नसलेला, तर ‘दुपेदुझ’ म्हणजे धडधडीत, आडपडदा न ठेवतां. हे विशेष प्रकार बाजूस ठेवून मुख्य नियमाकडे वळूं.

३. चार वर्णांची निवड

जिज्ञासूच्या मनांत लागलाच प्रश्न उभा राहतो: कोठें प, कोठें म, कोठें स आणि कोठें र, हें ठरतें कसें? या प्रश्नावर तुर्की व पाश्चात्त्य विद्वानांनीं पुष्कळ विचार केला आहे. वेजिहे हातिबोग्लु या विदुषींनीं तर १९७३ सालीं पेकिश्तिर्मे, म्हणजे या दृढीकरणाच्या नियमांवर, स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. त्या विचाराचा निष्कर्ष थोडक्यांत असा सांगतां येईल.

विशेषण स्वरादि असेल तर जोडवर्ण नेहमीं प असतो. वर दिलेलीं ‘उपुझुन’ आणि ‘आपाचिक’ हीं रूपें तशींच आहेत. व्यंजनादि विशेषणांतहि प हाच सर्वांत अधिक आढळतो: ‘सारि’ (पिवळा) याचें ‘साप्सारि’, ‘येनि’ (नवा) याचें ‘येप्येनि’, ‘दोलु’ (भरलेला) याचें ‘दोप्दोलु’, ‘कुरु’ (कोरडा) याचें ‘कुप्कुरु’. त्याखालोखाल म आणि स येतात: ‘येशिल’ (हिरवा) याचें ‘येम्येशिल’, ‘बोश’ (रिकामा) याचें ‘बोम्बोश’, ‘मोर’ (जांभळा) याचें ‘मोस्मोर’, ‘काति’ (कठीण) याचें ‘कास्काति’. र हा फार थोड्या शब्दांत आहे: ‘तेर्तेमिझ’ आणि ‘चाबुक’ (चपळ, झटपट) याचें ‘चार्चाबुक’ हे त्यांतील परिचित होत.

ही निवड सर्वथा स्वैर नाहीं. तिच्यामागें एक निषेध उभा आहे. जोडावयाचा वर्ण विशेषणाच्या पहिल्या व्यंजनासारखा नसावा, आणि बहुधा दुसऱ्या व्यंजनासारखाहि नसावा. ‘मावि’ याला म लागत नाहीं, कारण तो मकारानेंच आरंभ होतो. ‘कारा’ याला र लागत नाहीं, कारण त्याचें दुसरें व्यंजन र आहे. ‘कार्कारा’ असें केलें असतां तो शब्द स्वतःचीच नक्कल करीत आहे असें झालें असतें. ‘सारि’ याला स आणि र हे दोन्ही वर्ज्य आहेत. ‘पेम्बे’ (गुलाबी) याचें उदाहरण तर फारच बोलकें आहे: पहिलें व्यंजन प, दुसरें म, म्हणून प आणि म दोन्ही बाद, आणि रूप होतें ‘पेस्पेम्बे’. ज्या शब्दांचा आरंभ बकारानें होतो ते बहुधा पकार टाळतात, कारण प आणि ब दोन्ही ओष्ठ्य स्पर्श. तेथें म किंवा स येतो, जसें ‘बेम्बेयाझ’, किंवा ‘बेल्लि’ (स्पष्ट) याचें ‘बेस्बेल्लि’.

तात्पर्य, द्विरुक्ति ही साम्यावर उभी आहे, आणि जोडवर्ण हा त्या साम्यांत मुद्दाम घातलेला भेद आहे. परंतु निषेध पाळल्यावर जे वर्ण शिल्लक राहतात, त्यांपैकीं नेमका कोणता घ्यावा हें नियमानें सांगतां येत नाहीं. ‘तेमिझ’ याला म वर्ज्य झाला तरी प मोकळा होता. तथापि लोकांनीं र घेतला. तेथें रूढि हीच प्रमाण. मात्र तुर्की ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यापुढें कधीं न ऐकलेलीं बनावट विशेषणें ठेवून त्यांची अतिशयरूपें करावयास सांगितलीं असतां, तेव्हांहि ते सारख्या वर्णांची पुनरावृत्ति टाळण्याकडे कल दाखवितात, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. यावरून हा नियम केवळ पाठ केलेल्या शब्दांची यादी नसून बोलणाऱ्याच्या मनांत जिवंत आहे, हें सिद्ध होतें. असें असलें तरी तो हरएक विशेषणास लागत नाहीं. रंग, आकार, भरलेपण, रितेपण, नवेपण अशा गुणांच्या वाचकांत त्याचा वावर मुख्यत्वें आहे.

४. अर्थ

‘बेम्बेयाझ’ याचा अर्थ ‘फार पांढरा’ असा केला तर तो थोडा उणा पडतो. ‘फार’ या अर्थाचा तुर्की शब्द ‘चोक’ निराळा आहे, आणि ‘चोक बेयाझ’ असें म्हणतां येतें. ‘बेम्बेयाझ’ म्हणजे ज्यांत पांढऱ्यावांचून दुसरें कांहींच नाहीं असा; ‘बोम्बोश’ म्हणजे ज्यांत कांहींहि उरलें नाहीं असा रिता. येथें गुणाची मात्रा शेवटास पोंचली आहे. म्हणूनच या रूपांच्या आधीं पुन्हां ‘चोक’ लावणें किंवा त्यांचा तरभाव करणें तुर्की कानांस रुचत नाहीं. जें पूर्ण झालें त्याला आणखी काय भरावयाचें?

मनुष्याच्या चेहऱ्याविषयीं हीं रूपें फार वापरतात. लाजेनें वा रागानें मनुष्य ‘किप्किर्मिझि’ होतो, म्हणजे आपल्याकडील लालबुंद. भयानें तो ‘साप्सारि’ होतो, म्हणजे शब्दशः पिवळाधमक; आपण अशा वेळीं पांढराफटक म्हणतों. थंडीनें ओठ ‘मोस्मोर’ होतात. आपण काळेनिळे म्हणतों. काळ्या रंगाला तुर्कींत दोन शब्द आहेत, मूळचा ‘कारा’ आणि फारसींतून आलेला ‘सियाह’. दोहोंचींहि अतिशयरूपें होतात, ‘काप्कारा’ आणि ‘सिम्सियाह’. परंतु दुर्दैव, अशुभ वार्ता यांची छाया ‘कारा’ या शब्दावर अधिक आहे.

५. पाणिनीय दृष्टि

आमच्या विद्यार्थ्यांस लिट् लकाराचीं रूपें शिकवितांना अभ्यासाचे नियम घोकून घ्यावे लागत. धातूच्या आद्य एकाच् अवयवाचें द्वित्व होतें. त्यांतील पूर्वभागास अभ्यास ही संज्ञा आहे. त्या अभ्यासांत आदिव्यंजन तेवढें शिल्लक राहतें, स्वर ऱ्हस्व होतो, कवर्गाच्या जागीं चवर्ग येतो, महाप्राणाचा अल्पप्राण होतो. ‘चकार’, ‘जगाम’, ‘बभार’ हीं रूपें अशीं सिद्ध होतात. तुर्कींतील ‘बेम्’, ‘काप्’, ‘मास्’ हे तुकडे पाणिनीच्या परिभाषेंत अभ्यासच होत.

साम्य याहूनहि पुढें जातें. क्रिया वारंवार किंवा अतिशयानें होते असें दाखविण्यासाठीं संस्कृतांत यङ् प्रत्यय होतो, आणि त्या यङन्त व यङ्लुगन्त रूपांत अभ्यासाला आगम होतात. ‘नृत्’ याचें ‘नरीनृत्यते’, ‘रम्’ याचें ‘रंरम्यते’, ‘कृ’ याचें ‘चर्कर्ति’. येथें अर्थ अतिशयाचा, रीति अभ्यासाची, आणि अभ्यासाच्या शेवटीं वरून आणलेला वर्ण, हीं तिन्ही अंगें तुर्की नियमाशीं जुळतात.

परंतु दोन भेद महत्त्वाचे आहेत. पहिला असा कीं, संस्कृतांत हा विधि धातूला आहे. तुर्कींत तो गुणवाचकाला आहे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. संस्कृतांतील आगम धातूच्या अंगच्या वर्णास अनुसरून येतो: अनुनासिकान्त धातूच्या अभ्यासास अनुनासिक, ऋकारयुक्त धातूच्या अभ्यासास रेफयुक्त आगम. म्हणजे तेथें आगम धातूचा प्रतिध्वनि आहे. तुर्कींत जोडवर्ण विशेषणाच्या वर्णांपासून दूर पळतो. एकीकडे साम्याची ओढ, दुसरीकडे साम्याचा विटाळ. वरवर एक दिसणारे दोन नियम आंतून उलट दिशांस तोंड करून बसलेले असूं शकतात, हें इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

संस्कृतांत गुणवाचकाचेंहि द्वित्व आहे, पण तें संपूर्ण शब्दाचें. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत त्याचा विधि सांगितला असून ‘पटुपटु’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा अर्थ ‘अतिशय पटु’ असा होत नाहीं. ‘पटूसारखा’, पूर्ण पटु नव्हे असा, म्हणजे गुणाची न्यूनताच दिसते. मराठींत ‘दूर कांहींतरी काळें काळें हलत होतें’ असें आपण म्हणतों, तेव्हां काळेंभोर कांहीं दिसलें असा अर्थ नसून काळसर कांहीं दिसलें असाच असतो. सबब, ‘द्विरुक्ति म्हणजे जोर’ हें सरसकट विधान टिकत नाहीं.

येथें एका विद्वानाचें स्मरण होतें. ऑटो बोट्लिंक यांनीं १८३९-४० सालीं बॉन येथें अष्टाध्यायी छापून प्रसिद्ध केली, आणि पुढें रोट यांच्या सहकार्यानें सेंट पीटर्सबर्गचा प्रचंड संस्कृत कोश रचला. याच पंडितानें १८५१ सालीं सैबेरियांतील याकूत लोकांच्या भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि याकूत ही तुर्की कुलांतीलच भाषा आहे. पाणिनीच्या अभ्यासकानें तुर्की कुलाकडे वळावें यांत अप्रस्तुत असें कांहीं नाहीं, हें यावरून दिसेल.

६. आपली रीत

मराठींत गुणाचा अतिशय दाखविण्याची रीत तुर्कीच्या नेमकी उलट आहे. तुर्क लोक विशेषणाच्या आधीं त्याचाच तुकडा ठेवतात; आपण विशेषणाच्या नंतर दुसरा शब्द ठेवतों. काळाकुट्ट, काळाभोर, हिरवागार, पिवळाधमक, निळाशार, गोरापान, आंबटढाण, थंडगार, नवाकोरा हे सर्व याच घाटाचे. तुर्की तुकड्याला स्वतःचा अर्थ मुळींच नाहीं. मराठी जोडशब्द मात्र अर्थाची छटा बरोबर आणतो. लालचुटुक, लालभडक, लालबुंद यांपैकीं पहिला पोपटाच्या चोंचीला शोभेल, दुसरा डोळ्यांस खुपणाऱ्या वस्त्राला, तिसरा रागावलेल्या मुद्रेला. तुर्कींत हें काम ‘किप्किर्मिझि’ एकटाच करतो.

या ‘किर्मिझि’ शब्दाकडे वाचकांनीं पुन्हां पाहावें. हाच आपला किरमिजी. ‘ताझे’ हा आपला ताजा, ‘तामाम’ हा आपला तमाम, ‘चाबुक’ हा ज्या फारसी शब्दापासून आला त्याच शब्दापासून आपला चाबूक आला, आणि ‘सियाह’ यापासून झालेल्या सियाही शब्दाची आपण शाई केली. हे सर्व शब्द अरबी-फारसी भांडारांतून निघून एका बाजूस तुर्कांकडे गेले व दुसऱ्या बाजूस आपणांकडे आले. तुर्कांनीं त्यांस आपल्या जात्यांत घातलें: ‘किप्किर्मिझि’, ‘ताप्ताझे’, ‘तास्तामाम’, ‘चार्चाबुक’, ‘सिम्सियाह’. आपण ‘ताजा’ याला ‘तवाना’ जोडून आपल्या घाटाचें ताजातवाना केलें. धान्य एकच, पण पीठ ज्याच्या त्याच्या जात्याचें. तोफ, कैची, उर्दू असे मूळ तुर्की शब्दहि आपल्याकडे आले. परंतु त्यांच्याबरोबर हा नियम आला नाहीं. तुर्की बोलणारे लोक मराठी मुलुखांत घरोघर नांदले नाहींत; ते शब्द फारसीच्या हातून आले, आणि फारसीच्या हातीं नियम नव्हताच.

याच संबंधांत एक इशारा देतों. गारगोटी या अर्थाचा ‘चकमक’ शब्द ऐकून तो लखलख, चकचक यांसारखा द्विरुक्त शब्द आहे असें कोणासहि वाटेल. वस्तुतः तो तुर्की धातु ‘चाक्’, म्हणजे ठिणगी पाडणें, आणि धातुसाधित ‘माक्’ प्रत्यय यांपासून झाला आहे. कानावर विसंबून व्युत्पत्ति करूं नये, ती अशासाठीं.

७. नियमाचें वय

हा नियम अर्वाचीन नाहीं. महमूद काश्घरी यानें अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बगदाद येथें ‘दीवान लुघात अल्-तुर्क’ हा कोश अरबी भाषेंत रचला. त्याची १२६६ सालीं नकललेली एकच प्रत उपलब्ध असून ती इस्तंबूल येथें आहे. ती अली एमीरी या ग्रंथसंग्राहकाच्या हातीं लागली, आणि १९१५ ते १९१७ या काळांत ग्रंथ तीन भागांत छापला गेला. रंग व इतर गुण यांचा अतिशय सांगतांना तुर्क लोक शब्दाचा आद्य अवयव घेऊन त्यास ओष्ठ्य वर्ण जोडतात, हें काश्घरीनें नोंदविलें आहे. अरबी लिपींत प नाहीं, म्हणून तो बकाराचें नांव घेतो. ओघुझ नांवाची तुर्कांची शाखा तेथें म जोडते, असेंहि तो सांगतो, आणि निळा या अर्थाच्या ‘कोक’ शब्दाचीं ‘कोप्कोक’ व ‘कोम्कोक’ अशीं दोन्ही रूपें देतो. तुर्कस्तानची तुर्की आणि अझरबैजानी या दोन्ही ओघुझ शाखेंतील. अझरबैजानींत निळ्याचें अतिशयरूप आजहि मकारयुक्त ‘गोम्गोय’ असेंच आहे. म्हणजे नवशें वर्षांहून अधिक काळ एक वर्णसुद्धां न ढळतां टिकला.

या अवधींत तुर्कीवर काय काय आलें! अरबी-फारसी शब्दांचा पूर आला. १९२८ सालीं अरबी लिपि जाऊन रोमन लिपि आली. १९३२ सालीं स्थापन झालेल्या भाषामंडळानें परकी शब्द काढून देशी शब्द आणण्याची मोहीम चालविली. लिपि बदलली, शब्द आले व गेले. नियम जेथल्या तेथें राहिला.

८. नियमाचा प्रसार

तुर्की कुलांतील भाषा बाल्कनापासून सैबेरियापर्यंत पसरल्या आहेत, आणि हा नियम त्या सर्व विस्तारांत सांपडतो. काळाकुट्ट याला कझाकांत ‘काप्कारा’, उझबेकांत ‘कोप्कोरा’, व्होल्गातीरच्या चुवाश भाषेंत ‘खुप्खुरा’, आणि लेनातीरच्या याकूत भाषेंत ‘खाप्खारा’. मूळ शब्द एक, नियम एक, जोडवर्ण एक. येथें वंशैक्य मानण्यास हरकत नाहीं. इतर पुरावाहि तसाच आहे.

परंतु मंगोल भाषेंतहि ‘खार’ (काळा) याचें ‘खाव् खार’ व ‘त्सागान’ (पांढरा) याचें ‘त्साव् त्सागान’ असें होतें. तुर्की व मंगोल एका मूळ भाषेपासून झाल्या कीं शेजारानें एकमेकींसारख्या झाल्या, हा वाद अजून मिटलेला नाहीं. आणि हा नियम त्या वादाचा निकाल लावूं शकत नाहीं, कारण नियमहि क्वचित् सीमा ओलांडतो. याचे दोन दाखले देतों. आर्मेनियन ही आर्यकुलांतील भाषा. परंतु तींत ‘कार्मिर’ (तांबडा) याचें ‘कास्कार्मिर’ आणि ‘सेव’ (काळा) याचें ‘सेप्सेव’ होतें. शेंकडों वर्षें तुर्कांच्या शेजारीं, एकाच गांवांत, दोन्ही भाषा बोलत राहिल्याचें हें फळ होय, असें विद्वान मानतात. दुसरा दाखला ताजिकांचा. ताजिक ही फारसीच. इराणी फारसींत हा नियम भाषेच्या अंगीं मुरलेला नाहीं, पण उझबेकांच्या सहवासांत वाढलेल्या ताजिकांत ‘सुर्ख’ (तांबडा) याचें ‘सुप्सुर्ख’ होतें.

तिसरी शक्यता याहून सावधगिरीची आहे. आपल्या शेजारच्या तेलुगूंत ‘मोदट’ (आरंभीं) याचें ‘मोट्टमोदट’ म्हणजे अगदीं आरंभीं, ‘कड’ (शेवट) याचें ‘कट्टकड’, ‘नडुम’ (मध्यें) याचें ‘नट्टनडुम’ होतें. कानडींतहि ‘कट्टकडे’, ‘नट्टनडु’ आहेत. तेलुगू वैयाकरण यास आम्रेडित संधि म्हणतात. शब्दाचा आद्य भाग, त्यापुढें परका वर्ण, त्यापुढें संपूर्ण शब्द: सांगाडा हुबेहूब तुर्की! रॉबर्ट कॉल्डवेल यांनीं १८५६ सालच्या आपल्या व्याकरणांत द्राविड भाषांचा संबंध तुर्की वगैरेंच्या ‘सिथियन’ म्हटलेल्या गटाशीं जोडला होता. आज तें मत ग्राह्य धरीत नाहींत. पण तें मत उराशीं बाळगणाऱ्यास हें साम्य केवढा मोह घालील! बारकाईनें पाहतां मोह ओसरतो. तेलुगूंत जोडवर्ण नेहमीं दुहेरी टकार. निवड नाहीं, निषेध नाहीं. ‘कट्टकड’ आणि ‘काप्कारा’ यांत आराखड्यापलीकडे कांहींहि समान नाहीं. मनुष्यस्वभाव सर्वत्र एक असल्यामुळें जोर देतांना शब्दाचा आरंभ दोनदां उच्चारण्याची बुद्धि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें होऊं शकते.

९. निष्कर्ष

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. शब्दांचें साम्य एवढेंच सांगतें कीं, दोन लोकांची कोठेंतरी, कोणाच्या तरी मध्यस्थीनें गांठ पडली होती. किरमिजी व तोफ यांची साक्ष एवढीच. नियमाच्या नुसत्या आराखड्याचें साम्य तर गांठ पडल्याचेंहि सांगत नाहीं. तेलुगूची साक्ष ही अशी आहे. नियम त्याच्या बारकाव्यांसह, म्हणजे जोडवर्णांसह, जुळला परंतु मूळ शब्द निराळे असले, तर दीर्घ व निकट सहवास मानावा, जसा आर्मेनियन व ताजिक यांच्या बाबतींत. आणि नियम, जोडवर्ण व मूळ शब्द हीं तिन्ही एकत्र जुळलीं, आणि तींहि एकदोन ठिकाणीं नव्हे तर सर्व शाखांत, तरच वंशाची गोष्ट काढावी.

ही कसोटी आपल्या घरींहि लावण्याजोगी आहे. कुट्ट, भोर, ठिक्कर, गार, ढाण, मिट्ट, धमक हे आपले अतिशयवाचक कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या विशेषणास, कोणत्या छटेनें जोडतात, याची नोंद गांवोगांवच्या वाचकांनीं करून ठेवली, तर मराठीच्या पोटभाषांचा परस्परसंबंध व शेजारच्या भाषांचा तींवरील संस्कार तपासण्यास चांगलें साधन हातीं येईल. नोंद करितांना शब्दाबरोबर तो ज्या वाक्यांत ऐकला तें वाक्य, बोलणाऱ्याचें गांव आणि त्याची घरची भाषा हीं अवश्य लिहावीं. त्यांवांचून अशा यादीची साक्ष प्रवाशाच्या साक्षीहून अधिक किंमतीची ठरणार नाहीं.